खोंडाची खांदेमळणी

माझ्या शिलाई मशीनला पायडल नव्हतं. खाली लोखंडी चौकट होती, मोठं चाक होतं, पण पाय ठेवायची जाळीदार पट्टी असते तिथे नुसती पोकळी. डोंबिवलीतल्या ज्या बायका माझ्याकडे पोलकी शिवायला आणत, त्या हमखास विचारायच्या, की हे असं कसं? मी सांगायची, ते शेतात गेलंय. त्यांना वाटायचं, ही थट्टा करतेय. थट्टा करायची मला सवय आहे हे खरं, पण पायडल खरोखरच शेतात गेलं होतं. मी आपली एका हाताने चाक फिरवायची आणि दुसऱ्या हाताने कापड सरकवायची. त्यामुळे माझी शिवण कायम थोडी तिरकी जायची आणि बायका कायम थोड्या कुरकुरायच्या.

त्या वेळी आम्ही घरात चौघं होतो. सासूबाई, हे, मी आणि माझे धाकटे दीर. स्वातंत्र्य मिळून दोन-तीन वर्षं झाली असतील. डोंबिवली तेव्हा एवढीशी होती. स्टेशनाजवळ थोडी घरं, मग भातखाचरं, आणि कोपरच्या अंगाला खाडीकडे उतरत गेलेली मोकळी जमीन. त्या उतारावर सासऱ्यांनी रेल्वेच्या नोकरीत असताना एक वाडी घेऊन ठेवली होती. गोड्या पाण्याची विहीर, बांधाला शेवगा आणि केळी, मधे भाजीचे वाफे. सासरे गेल्यावर वाडी कुणी पाहायची हे कधी ठरलं नाही, पण ती दिरांनीच पाहिली. हे मुंबईत कचेरीत जाणारे. वांगं झाडाला वरून लागतं की खालून, हेसुद्धा ह्यांना दुसऱ्याला विचारावं लागे. भाऊजी गिरणीत कामाला होते, तरी पाळी संपली की घरी न येता आधी वाडीवर जायचे. पायाला चिखल लावून घरात आले की सासूबाई ओरडायच्या, आणि भाऊजींना ते ओरडणं आवडायचं, असं मला वाटतं.

मग एका पाळीत पट्ट्याने त्यांचा हात ओढला. गिरणीत यंत्रं फिरवायला छताजवळच्या दांड्यापासून खाली लांबलचक पट्टे आलेले असत, त्यातला एक. डावा हात कोपराच्या वरून काढावा लागला. इस्पितळातून घरी आले तेव्हा सदऱ्याची डावी बाही आत दुमडून पिनेने टाचलेली होती. तेव्हापासून तो खांदा आमच्यापैकी कुणी पाहिला नाही. आंघोळ दार लावून, उकाड्यातही अंगात सदरा. एकदा सासूबाई तेलाची वाटी घेऊन आल्या, म्हणाल्या, थोडं चोळून देते. भाऊजी उठले आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसले. सासूबाई वाटी घेऊन तशाच उभ्या राहिल्या. मला त्यांच्याकडे बघवेना, म्हणून मी उगाच डाळ निवडायला घेतली.

आपल्या भाषेत हाताशिवाय एक वाक्य धड पुरं होत नाही, हे मला त्या दिवसांत कळलं. हातभार, हातघाई, हातचं राखणं. घरात आम्ही सगळे बोलता बोलता जीभ चावायचो. भाऊजी मात्र खुशाल म्हणायचे, वहिनी, भात वाढताना हात आखडू नका. हे कावरेबावरे व्हायचे, आणि मी मुद्दाम दोन डाव जास्त वाढायची.

गिरणीने माणुसकी दाखवली, असं सगळे म्हणाले. फाटकावरचा म्हातारा दसऱ्याला कायमचा गावी परतणार होता. त्याच्या जागी भाऊजींनी स्टुलावर बसायचं, आत जाणाऱ्या-येणाऱ्यावर नजर ठेवायची. हे स्वतः जाऊन शब्द टाकून आले होते. निरोप सांगताना ह्यांचा चेहरा उजळला होता. हे मनाने फार चांगले. धाकट्या भावाची सोय लागली, यापलीकडे ह्यांना काही दिसत नव्हतं. मला मात्र ऐकूनच संताप आला. ज्या फाटकातून दोन हात घेऊन आत गेले, त्याच फाटकावर एक हात घेऊन बसायचं, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याने बघून चुकचुकायचं? पण नव्या सुनेचा संताप ऐकायला तेव्हा कुणाला वेळ होता? मी तो भाकरीवर काढला. त्या रात्रीच्या भाकऱ्या चांगल्या पातळ झाल्या.

भाऊजी एवढंच म्हणाले, की दसऱ्यापर्यंत सांगतो. त्यांच्या मनात वाडी होती. पण वाडी नांगरायची कशी? ते इस्पितळात असतानाच आमच्या जोडीतला एक बैल दगावला होता, आणि दुसरा एकटा राहिला म्हणून ह्यांनी देऊन टाकला होता. भाड्याने जोडी मागायला गेले, तर एका हातावर आपले बैल सोपवायला कुणी तयार होईना. गडी लावा, असं लोक सुचवायचे. गडी नांगरणार आणि मी बांधावर बसून बघणार, मग स्टूल काय वाईट, असं भाऊजी मला एकदा म्हणाले. ते वाक्य माझ्या मनातून गेलं नाही.

कल्याणच्या पलीकडे लढाईच्या काळात लष्कराच्या छावण्या होत्या. लढाई संपल्यावर तिथलं सामान लिलावात गेलं आणि कल्याणच्या भंगारवाल्यांकडे ढिगाने येऊन पडलं. पाण्याच्या टाक्या, खाटा, बूट, हेल्मेटं. डोंबिवलीत कितीतरी घरांत त्या हेल्मेटांत तुळशी लावलेल्या मी पाहिल्या आहेत. भाऊजी तिथे पंपाचा एखादा सुटा भाग बघायला गेले आणि येताना भाड्याच्या बैलगाडीत घालून एक लहानसा बागेतला ट्रॅक्टर घेऊन आले. साहेबलोकांच्या बंगल्यांची बाग करायला आणलेला असणार. दोन चाकं, त्यांच्यावर पेटीएवढं इंजिन, आणि मागे सायकलीच्या हँडलसारख्या दोन लांब मुठी. मागून चालत चालत हाकायचा. त्याला जोडायला एक छोटा लोखंडी नांगरही होता. अंगणात उतरवला तेव्हा सासूबाई दारातून म्हणाल्या, हे कसलं खोंड आणलंस? तेव्हापासून तो खोंडच झाला. कोपरच्या आगरी बायका वाडीवरून बाजाराला जाताना थांबायच्या आणि मला विचारायच्या, हा शेण किती टाकतो?

खोंड दोन हातांच्या माणसासाठी केलेला होता. त्याचं गणित भाऊजींनी मला अंगणात बसवून समजावलं, आणि सासूबाई तांदूळ पाखडत पलीकडून ऐकत होत्या. इंजिन एका बाजूला, चाकं दुसऱ्या बाजूला, आणि दोघांच्या मधे एक रबरी पट्टा. पट्टा ढिला असला की इंजिन नुसतंच फिरत राहतं. डाव्या मुठीखालचा दांडा दाबून धरला की पट्टा ताणला जातो आणि चाकं चालायला लागतात. दांडा सोडला की खोंड थांबतो. सगळा जोर त्या पट्ट्यावर येतो, भाऊजी म्हणाले. पट्टा हा शब्द ऐकल्यावर सासूबाईंचं सूप थांबलं. मग त्या सूप घेऊन आत निघून गेल्या.

म्हणजे डाव्या हाताचं काम दुसऱ्या कशाला तरी द्यायला हवं होतं. भाऊजींचं म्हणणं, पायाला द्यावं. पण चालणाऱ्या माणसाचा पाय मोकळा कुठे असतो? तेव्हा आधी बसायची सोय हवी. लष्कराच्या मालातलीच दोन बुटकी जाड चाकं मिळाली, कल्याणच्या लोहाराकडून त्यांना कणा करून आणला आणि खोंडाच्या मागे जोडला. त्यावर बसायला काय, हा प्रश्न आला तेव्हा आम्हा दोघांचीही नजर ह्यांच्या खुर्चीवर गेली. रविवारी त्या लाकडी खुर्चीत बसून हे वर्तमानपत्र वाचायचे. मी पाय धरले, भाऊजींनी करवत चालवली. संध्याकाळी हे आले, बिनपायाच्या खुर्चीकडे बराच वेळ पाहिलं, आणि पुढचे कितीतरी रविवार जमिनीवर पथारी टाकून वाचत बसले. एका शब्दाने बोलले नाहीत. म्हणून तर म्हटलं, हे मनाने चांगले.

पायाने दाबायला भाऊजींनी आधी एक फळी लावून पाहिली, ती मोडली. मग एक लोखंडी कांब लावली, ती पावलाखालून निसटायची. मी शिवत बसले होते, आणि भाऊजी माझ्या पायांकडे टक लावून पाहत होते. दिराने असं बघावं हे काही बरं नव्हे. मी विचारलं, काय हो? तर म्हणाले, वहिनी, तुमचं पायडल टाचेनेही दाबतं आणि चवड्यानेही दाबतं. मी कात्री खाली ठेवली आणि म्हटलं, काढून घ्या. एवढं पटकन कसं म्हटलं कोण जाणे. ते मशीन माझ्या माहेरून आलं होतं आणि मी त्याला कुणाला हात लावू देत नसे. नंतर पायडल काढलेलं बघून मला जरा रडू आलं, ते मी मोरीत जाऊन रडले.

पायडलपासून पट्टा ताणणाऱ्या दांड्यापर्यंत सायकलच्या ब्रेकची तार ओढली. आता उरला उजवा हात, आणि मुठी तर दोन. त्या दोन मुठी एका आडव्या नळीने जोडल्या आणि मधोमध एक उभा खुंटा बसवला, म्हणजे तो एकच धरून खोंडाचं तोंड इकडेतिकडे वळवता येईल. हा खुंटा सासूबाईंच्या जात्याचा. पिठाची चक्की सुरू झाल्यापासून जातं कोपऱ्यात पडून होतं. हाताला बसेल असा खुंटा कुठे मिळेना, म्हणून भाऊजी चिडचिड करत होते, तर दुसऱ्या दिवशी सकाळी खुंटा त्यांच्या चहाच्या कपाशेजारी ठेवलेला. इतक्या वर्षांच्या दळणाने तो गुळगुळीत झालेला होता.

हे सगळं करताना त्यांचा डावा हात मी होते. ते स्क्रू पिळायचे, मी पलीकडून पाना धरायची. ते कानस चालवायचे, मी कांब दाबून धरायची. नखांत काळं तेल जाऊन बसलं, पोलक्यांवर डाग पडायला लागले, आणि बायका आणखी कुरकुरल्या. पण मला ते काम फार आवडायचं. स्वयंपाक कितीही चांगला केला तरी संध्याकाळपर्यंत संपतो. खोंडाला लावलेली वस्तू दुसऱ्या दिवशीही तिथेच असायची.

सासूबाईंचं एकच मागणं होतं, तो पट्टा झाका. उघडा दिसला की त्या तिकडे पाठ करायच्या. म्हणून रॉकेलचा डबा कापून त्याचं झाकण केलं, त्याला जुन्या पेटीची कडी लावली. कडी लागल्याशिवाय खोंड सुरू करायचा नाही, असं त्यांनी भाऊजींकडून कबूल करून घेतलं.

पावसाने उघडीप दिली की वाडीत वरच्या कोरड्या तुकड्यावर आम्ही खोंड फिरवून पाहायचो. पहिल्या दिवशी तो भाऊजींना घेऊन सरळ कारल्याच्या मांडवात घुसला, आणि ते कारली गळ्यात घालून बाहेर आले. किती दिवसांनी ते पोट धरून हसले. मग हळूहळू जमत गेलं. दोरी गुंडाळून झटका द्यायचा, खोंड सुरू झाला की खुर्चीत बसायचं, पायडल दाबायचं, निघायचं. भाद्रपद संपत आला तेव्हा ते त्या तुकड्यावर असे फिरत होते, की बघणाऱ्याला बाही दुमडलेली आहे हे आधी दिसतच नसे.

मग त्यांनी ह्यांना सांगितलं, की घटस्थापनेच्या दिवशी तुम्ही सगळे वाडीवर या. विहिरीपासून बांधापर्यंतची पट्टी मी एकटा नांगरून दाखवतो, कुणी हात लावायचा नाही. जमलं तर गिरणीला नाही म्हणून कळवायचं. नाही जमलं तर दसऱ्यापासून मी स्टुलावर. हे म्हणाले, असं पैजेवर कशाला नेतोस? पण भाऊजी बधले नाहीत.

घटस्थापनेच्या आदल्या दिवशी अमावास्या. एरवी ती सर्वपित्री, पण सासूबाईंचं माहेर जुन्नरकडचं, आणि त्यांच्याकडे पोळा याच अमावास्येला असतो. वाडीवर जोडी होती तेव्हाही घरात त्या मातीचे बैल करून पुजायच्या. त्या वर्षी मातीचे केलेच नाहीत. म्हणाल्या, दारात खोंड असताना मातीचे कशाला? पोळ्याच्या दिवशी खोंडाला हळदकुंकू वाहिलं, खुंट्याला माळ घातली, पुरणपोळीचा नैवेद्य खुर्चीवर ठेवला. भाऊजींना शेवटची एक फेरी मारून पाहायची होती. सासूबाईंनी साफ मना केलं. पोळ्याच्या दिवशी जनावराच्या मानेवर जू ठेवत नाहीत. भाऊजी हसले आणि म्हणाले, बरं, आज सुट्टी.

त्याच दिवशी पितरांच्या पानावर वाढायला मी तुपाचं भांडं काढलं, तर तूप चांगलं दोन बोटं खाली गेलेलं. आमच्याकडे एक बोका यायचा. मी त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला आणि झाकणावर वरवंटा ठेवला. सासूबाई तिथेच पुरण घोटत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

घटस्थापनेला सकाळी घट बसवून आम्ही वाडीवर गेलो. आदल्या दिवशी संध्याकाळीच खोंड भाड्याच्या गाडीतून वाडीवर नेऊन ठेवला होता. ऊन स्वच्छ पडलं होतं आणि जमीन नांगरायला हवी तशी, ओलीही नाही आणि कडकही नाही. सासूबाई विहिरीच्या कठड्यापाशी बसल्या. हे बांधावर, हात मागे बांधून उभे. मी शेवग्याखाली. भाऊजींनी दोरी गुंडाळली, झटका दिला, खोंड पहिल्याच झटक्याला सुरू झाला. ते खुर्चीत बसले, माझ्याकडे बघून मान हलवली आणि पायडल दाबलं.

खोंड जागचा जेमतेम हलला, आणि थांबला. इंजिन चालू होतं, नुसतं गुरगुरत होतं, पण चाकांना पत्ता नव्हता. भाऊजींनी पायडल सोडलं, पुन्हा दाबलं. पुन्हा तेच. नांगर जमिनीत थोडासा रुतला आणि तिथेच बसला. त्यांनी वेग वाढवला, इंजिन ओरडायला लागलं, चाकं हूं की चूं करेनात. त्यांनी खाली उतरून पायडलपाशी तार कसली. परत बसले. टाचेने दाबलं, मग दात ओठ खाऊन सगळं अंग त्या एका पायावर घातलं. खुर्ची करकरली. खोंड हलला नाही. मला तो पाय बघवत नव्हता, आणि डोळे मिटवतही नव्हते. खाडीकडून कुठूनतरी जेवणावळीसारखा वास येत होता, आणि अशा वेळी आपल्याला वास कसले येतात म्हणून मी स्वतःवरच चिडले.

शेवटी त्यांनी इंजिन बंद केलं. वाडीत एकदम शांत झालं. हे बांधावरून खाली आले, त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि अगदी मऊ आवाजात म्हणाले, "राहू दे रे. कुणी तुला काही म्हणणार नाही."

भाऊजी खाली मान घालून पायडलकडे बघत होते. म्हणाले, "हाताचं काम पायाला नाही जमत, दादा. उद्या गिरणीत निरोप दे. येतो म्हणावं."

एवढं बोलून ते उतरले आणि केळीच्या बाजूला चालत गेले. एवढं सगळं होऊन तो माणूस रडत नव्हता, याचाच मला जास्त राग आला. ह्यांच्या मऊ आवाजाचाही राग आला. कुणावर काढावा कळेना, म्हणून मी तरातरा खोंडाकडे गेले. म्हटलं, आता माझं पायडल मला परत हवं. चांगल्या घरच्या मशीनचं वाटोळं केलं ह्या खोंडाने. पायडलची तार सोडवायची तर डब्याच्या झाकणाची कडी काढायला हवी. कडी काढली, झाकण उघडलं, आणि मघाचा तो वास भसकन माझ्या तोंडावर आला. कढवलेल्या साजूक तुपाचा.

मी पट्ट्याला बोट लावलं. बोट बुळबुळीत आणि पिवळं. पट्टा, पट्ट्याची चाकं, सगळं तुपाने माखलेलं, आणि तुपात हळद. मी तशीच बोट वर धरून सासूबाईंकडे वळले. त्या कठड्यावरून उठून उभ्याच होत्या.

मी विचारलं, "आई, पट्ट्याला तूप कुणी लावलं?"

त्यांनी सरळ सांगितलं, "मी. खांदे मळले त्याचे."

देशावर पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलाचे खांदे हळद-तुपाने मळतात. वर्षभर जू ओढून ओढून तिथे घट्टे पडलेले असतात, म्हणून. ही खांदेमळणी झाल्याशिवाय पोळा होत नाही. आम्ही दिवेलागणीला आत होतो तेव्हा सासूबाई वाटी घेऊन अंगणात गेल्या, कडी काढली आणि खोंडाचे खांदे मळून आल्या. ह्यांनी कपाळावर हात मारून घेतला. म्हणाले, अगं, यंत्राला खांदा कुठला? सासूबाईंना त्या प्रश्नाचंच नवल वाटलं. ज्यावर सगळा जोर येतो तो खांदा, त्या म्हणाल्या. आणि जोर पट्ट्यावर येतो, हे त्यांनी भाऊजींच्याच तोंडून ऐकलं होतं. अंगणात तांदूळ पाखडताना. मला यात चूक काढता येईना. बैलाचा खांदा तुपाने मऊ होतो आणि पट्टा तुपाने घसरतो, एवढाच काय तो फरक.

भाऊजी केळीतून परत आले होते. त्यांनी माझं पिवळं बोट पाहिलं, उघडा डबा पाहिला. आता हसतील, असं मला वाटलं. ते हसले नाहीत. आईच्या जवळ जाऊन म्हणाले, "तुला तर पट्टा बघवत नाही. मग झाकण उघडलंस कसं?"

सासूबाईंच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, पण आवाज त्यांनी पडू दिला नाही. "भीती वाटते म्हणूनच उघडलं. त्याला म्हटलं, बाबा, एक नेलास तो नेलास, हा राहिलेला सांभाळ. तूप लावून विनवलं त्याला. तुझ्या खांद्याला तर तू मला हात लावू देत नाहीस."

हे बांधाकडे तोंड करून उभे राहिले. भाऊजी खोंडापाशी खाली बसले आणि पट्टा उतरवायला लागले. मी पलीकडून धरायला गेले तर सासूबाईंनी मला बाजूला सारलं. ज्या पट्ट्याकडे त्या पाठ करायच्या, तो त्यांनी मांडीवर घेतला. वाडीतल्या चुलीची राख आणली, नारळाची शेंडी घेतली, आणि तुपाचं पातेलं घासावं तसा तो पट्टा घासला. मी विहिरीचं पाणी ओतत होते. धुऊन झाल्यावर पदराने पुसला, पुन्हा कोरडी राख चोळली. पट्ट्याची चाकं भाऊजींनी पेट्रोलच्या फडक्याने पुसली. ह्यांनी, कुणी न सांगता, पट्टा उन्हात धरून उभं राहायचं काम केलं. तोपर्यंत आम्हा सगळ्यांच्या अंगाला तुपाचा, राखेचा आणि पेट्रोलचा असा काही वास यायला लागला होता, की वाटेने जाणाऱ्या आगरणी नाकाला पदर लावून बघत राहिल्या.

पट्टा बसवला, झाकण लावलं, कडी लावली. ह्यांनी विचारलं, आता काही धरू का? भाऊजी म्हणाले, कुणी हात लावायचा नाही. दोरी गुंडाळली, झटका दिला. खुर्चीत बसले. या वेळी माझ्याकडे बघितलं नाही, पायडल दाबलं. खोंडाने एक गचका खाल्ला आणि निघाला. नांगराच्या फाळामागे माती उलटत गेली, काळी, ओलसर. विहिरीपासून बांधापर्यंत ते गेले. बांधापाशी खुंटा धरून खोंडाचं तोंड वळवलं, तेव्हा जरासा तिरका झाला, पण त्यांनी पाय सोडला, खोंड थांबला, नीट वळवून परत निघाला. सगळी पट्टी नांगरून होईपर्यंत सासूबाई कठड्यावर बसल्या नाहीत. चर जरा तिरके होते. माझ्या शिवणीसारखेच, असं मी ह्यांना म्हटलं, तर हे भर वाडीत डोळे पुसत होते.

गिरणीत निरोप द्यायला दुसऱ्या दिवशी हेच गेले. परत आल्यावर म्हणाले, की त्यांनी दुसरा माणूस बघितला. आणि मग, रविवार नसतानाही, वर्तमानपत्र घेऊन जमिनीवर बसले.

पण मला सांगायचं आहे ते घटस्थापनेच्याच संध्याकाळचं. घटापाशी दिवा लागला होता. भाऊजी आंघोळ करून बाहेर आले, त्या दिवशी दार न लावता. सासूबाई जपमाळ घेऊन बसल्या होत्या. ते त्यांच्यासमोर पाटावर बसले, पाठमोरे. एका हाताने सदऱ्याची बटणं काढायला त्यांना वेळ लागायचा. ती त्यांनी एकेक करून काढली, सदरा डोक्यावरून उतरवला आणि मांडीवर ठेवला. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा तो खांदा आम्ही पाहिला.

म्हणाले, "आई, थोडं तूप उरलंय का? खांदे मळायचे राहिलेत."

सासूबाई उठल्या. मी वरवंटा उचलून झाकण काढलं आणि वाटी त्यांच्या हातात दिली. हळद मीच घातली. मग मी तिथून आत आले, ह्यांनाही बाहीला धरून आत आणलं. आम्ही दोघं अंधारात चुलीपाशी उभे राहिलो.

नंतर कितीतरी पोळे त्या घरात झाले. खोंडाला माळ आणि नैवेद्य दर वर्षी मिळाला, झाकणाची कडी मात्र त्या दिवशी कुणी काढली नाही. तूप दर वर्षी दोन बोटं खाली जायचं, आणि मी बोक्याला कधी काही बोलले नाही.